आठ हजार की तीन लाख? आकड्याआधी तारखा मागा

प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या सत्रातली विद्यार्थिनी, राहायला ऐरोलीत. ठाणे कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात महिना ८,००० देतो म्हणाले, वर "शिकायला भरपूर मिळेल". महाप्याची एक कंपनी 'लीगल एक्झिक्युटिव्ह' म्हणून वर्षाला ३ लाखांचं पॅकेज सांगते आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, अजून हातात नाही. अशा वेळी पैशांचं बोलावं का, आणि बोलायचं तर कसं?

बोलावंच. फक्त "आठाचे बारा करा" एवढंच घेऊन गेलात तर बहुतेक नकार येईल, आणि तो नकार पूर्ण अन्यायाचाही नसेल. तुमच्याकडून काय काम निघणार हे समोरच्याला अजून माहीत नाही. पण पुढच्या आठ-दहा महिन्यांत तुमची किंमत तीनदा बदलणार आहे: शेवटचा पेपर झाला की, निकाल लागला की आणि सनद आली की. ही गोष्ट ऑफिसला पक्की ठाऊक असते, फक्त ते आपणहून बोलत नाहीत. म्हणून आजच्या आकड्यावर थोडं नमतं घ्या आणि या तीन टप्प्यांवर काय होणार हे आजच ठरवून घ्या. पुढच्या तारखेचं 'हो' म्हणायला समोरच्याला आज खिशात हात घालावा लागत नाही, त्यामुळे ते सहज मिळतं.

सनदेने नेमका काय फरक पडतो ते पाहा. सकाळी साडेअकराला ठाण्यात सेशन्स कोर्टात साहेबांची, म्हणजे ऑफिसच्या सीनिअर वकिलांची, उलटतपासणी रंगात आलेली असते. त्याच वेळी दिवाणी कोर्टात बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवसाच्या केसच्या यादीतल्या, चौदा नंबरचा पुकारा होतो, आणि बेलापूरला चेक बाउन्सचं एक मॅटर लागलेलं असतं. चौदा नंबरला उभं राहायला सनदवाला कोणी नसेल तर 'नो डब्ल्यूएस' (लेखी म्हणणं नाही) किंवा 'नो क्रॉस' (उलटतपासणी नाही) अशी ऑर्डर होऊन बसते. मग ती रद्द करून घ्यायला अर्ज, वर कॉस्ट, आणि संध्याकाळी पक्षकाराचा फोन. सनद असलेला ज्युनिअर हे सगळं एका वाक्यात वाचवतो: "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, दुपारच्या सत्रात घ्यावं ही विनंती." ठाणे, बेलापूर, कल्याण, पनवेल अशी पसरलेली मॅटर असलेल्या ऑफिसला माणूस कमी पडतो तो इथे. तुम्ही ऐरोलीला राहता, म्हणजे ठाणे दोन स्टेशनांवर आणि बेलापूरही त्याच ट्रान्स-हार्बरने. हे बोलून दाखवण्यासारखं आहे, पण त्याचा भाव सनद आल्यावरचा.

सनदेआधी तुम्ही ड्राफ्टिंग, टायटल सर्च (मालमत्तेच्या मालकीच्या कागदांचा शोध), नकलांचे अर्ज, ई-फायलिंगची तयारी, रोझनामा (कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद) पाहून पुढची तारीख नोंदवणं, भाषांतर ही कामं करू शकता. कोर्टासमोर वकील म्हणून उभं राहणं, वकीलपत्रावर सही करणं चालत नाही. काही ऑफिसांत "बँड लाव आणि तारीख घेऊन ये, कोण विचारतंय" असं सहज म्हटलं जातं. सनदेशिवाय वकिली करणं हा अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ४५ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची. नाही म्हणा, आणि हे पगाराच्या बोलण्यातच सांगून टाका: "सर, सनद येईपर्यंत अपिअरन्स सोडून सगळं करेन." यावर ज्या ऑफिसचं तोंड वाकडं होतं तिथे पुढच्या अडचणी कशा असतील याचा अंदाज फुकटात मिळतो.

आता ८,००० ची फोड. सकाळी दहा ते रात्री आठ, महिन्याचे २४ दिवस धरले तर २४० तास, म्हणजे तासाला ३३ रुपये. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, जाऊन-येऊन २४ दिवसांचे १,२४८. जेवण-चहा रोजचे १०० धरले तर २,४००. लोकलचा पास आणि मोबाइलचं रिचार्ज मिळवा, आकडा चार हजारांच्या आसपास जातो. हातात उरले चार हजार, तासाला १७ रुपये. हे गणित साहेबांना ऐकवायचं नाही, त्यांनी त्यांच्या उमेदवारीत याहून कमी पाहिलेलं असतं आणि तो किस्सा सुरू झाला की विषय संपला. हे गणित तुमच्यासाठी आहे, कुठे थांबायचं ते कळायला. ज्या आकड्यावर घरून पैसे मागायची वेळ येईल त्याच्या खाली जायचं नाही, मग नाव कितीही मोठं असो.

याच गणितातून दुसरी वाट निघते: पैसे वाढत नसतील तर तास कमी करून घ्या. दहा ते सहा आणि २२ दिवस केले तर तेच ८,००० तासाला ४५ रुपयांवर जातात. शेवटच्या सत्रात तुम्हाला हे तसंही लागणारच, कारण बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमाने ७० टक्के हजेरी हवी. मात्र एक लक्षात ठेवा. जिल्हा कोर्टाच्या वकिलीत खरं शिक्षण संध्याकाळी सहानंतर असतं. पक्षकार कामावरून सुटून तेव्हाच येतात, उद्याच्या बोर्डाची तयारी तेव्हाच होते, उलटतपासणीचे प्रश्न तेव्हाच लिहिले जातात. रोज सहाला निघणारी विद्यार्थिनी फायलिंगची माणूस होऊन राहते. त्यामुळे "आठवड्यातले दोन दिवस मी कॉलेज करून दोनला येईन आणि आठपर्यंत थांबेन, बाकी दिवस दहा ते सहा" अशी मांडणी दोघांच्याही सोयीची पडते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा असं सुचवलं. हा कागद अनेक विद्यार्थी मोबाइलवर घेऊन जातात आणि चुकीच्या ठिकाणी दाखवतात. एक तर ती शिफारस आहे, सक्ती नाही. दुसरं, ती नोंदणी झालेल्या ज्युनिअर वकिलांसाठी आहे, तुम्ही अजून विद्यार्थी आहात. आज त्यावर बोट ठेवलंत तर "आधी सनद आण" एवढ्यात तुमची बोळवण होईल. सनदेनंतरचा टप्पा ठरवताना मात्र तो कामाचा आहे: "सनदेनंतर लगेच वीस म्हणत नाही सर, पण बार कौन्सिलने सुचवलेल्या आकड्यापर्यंत वर्षभरात पोचायला हवं." ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही शहरी भागच, त्यावर वाद नाही.

साहेबांशी बोलायची वेळ निवडा. कोर्टाच्या व्हरांड्यात, दोन पुकाऱ्यांच्या मध्ये, किंवा क्लार्क आणि पक्षकार बसलेले असताना हा विषय काढू नका. चारचौघांत पैशांचा विषय निघाला की सीनिअर माणूस आकडा वाढवण्याऐवजी प्रतिष्ठा सांभाळतो. दुसरा किंवा चौथा शनिवार कोर्टाच्या सुट्टीचा असतो, ऑफिस निवांत असतं. आधी विचारून ठेवा: "सर, शनिवारी दहा मिनिटं मिळतील का, रुजू व्हायच्या आधी एकदा सगळं स्पष्ट करून घ्यायचंय." मग आत गेल्यावर गोल गोल फिरू नका.

"सर, काम आवडलंय आणि यायचं नक्की आहे. आत्ता सनद नाही हे मला माहीत आहे. आत्ता दहा हजार आणि कोर्टकामाचा खर्च वेगळा, सनद आली की पंधरा, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी काम बघून पुढचं, असं चालेल का?"

एवढं बोलून थांबा. मराठी घरांतली मुलं-मुली इथे हटकून एक वाक्य जोडतात: "नाहीतर तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." हे वाक्य तोंडातून गेलं की आधीचं सगळं पुसलं गेलं. समोर शांतता पडली तर पडू द्या. साहेब डोक्यात हिशोब करत असतात, रागावलेले नसतात.

त्यावर साधारण तीनपैकी एक उत्तर येतं. "आमच्याकडे सगळ्यांना आठच" असं आलं तर आकडा सोडा आणि टप्पा धरा: "ठीक आहे सर, आठवर सुरू करते. सनदेनंतरचं तरी आज ठरवूया." "आधी एक महिना काम बघू, मग ठरवू" असं आलं तर नाही म्हणू नका, पण त्या महिन्याचे पैसे आणि शेवटचा दिवस ठरवा, शक्य असेल तर महिन्याचे दोन आठवडे करा. बिनपैशांचा 'बघू' महिना पुढे सरकत राहतो, कारण बघायला कोणाला वेळच नसतो. तिसरं उत्तर सर्वांत गोड असतं: "तू क्लायंट आण, फीमधले वीस टक्के तुझे." हे तर मुळीच घेऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला वकील नसलेल्या माणसाबरोबर फीचा वाटा करता येत नाही, आणि कामं गोळा करत फिरणंही चालत नाही. सनदेआधी असा वाटा घेणं म्हणजे वकिली सुरू व्हायच्या आधीच स्वतःवर डाग लावून घेणं. सनदेनंतर स्वतःची छोटी मॅटर घ्यायची मुभा असेल का, त्यासाठी ऑफिसची टेबल-खुर्ची आणि प्रिंटर वापरता येईल का, हे मात्र जरूर विचारा. काही ऑफिसांत ही मुभा दोन-तीन हजारांच्या वाढीपेक्षा मोलाची ठरते.

खर्चाचा मुद्दा वेगळा काढलाय तो मुद्दाम. ज्युनिअरचे पैसे सगळ्यात जास्त गळतात ते खिशातून केलेल्या कोर्टखर्चात. झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प, नकलेची फी, नोटरी, फोर्टला हायकोर्टात फाइल पोचवायचा प्रवास: प्रत्येक रक्कम लहान असते, पावती नसते, आणि महिनाअखेरीस आठवत नाही. रुजू होताना दोन हजारांची उचल मागून घ्या, हिशोबाची छोटी वही ठेवा, तारीख, मॅटरचं नाव आणि रक्कम लिहा, दर शनिवारी क्लार्ककडून सही घेऊन उचल भरून घ्या. मॅटरचं नाव लिहिणं महत्त्वाचं, कारण ऑफिस तो खर्च त्या पक्षकाराच्या बिलात लावतं. ऑफिसला तो परत मिळत असतो, त्यामुळे तुम्हाला द्यायला अडचण नसते. पावती नसलेला खर्च एका वेळी किती रुपयांपर्यंत चालेल तेही आधीच विचारून ठेवा.

कोर्टाच्या सुट्ट्यांचं विचारायला बहुतेक जण विसरतात. मे महिन्यात आणि दिवाळीत कोर्ट बंद असताना काही ऑफिसं पूर्ण पैसे देतात, काही अर्धे, काही "काम नव्हतं" म्हणून काहीच नाही. तुमच्या परीक्षेची रजाही आत्ताच ठरवा.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअरला नेमणूक पत्र क्वचितच मिळतं, आणि ते मागितलं की वातावरण थोडं गढूळ होतं. मेसेजने ते होत नाही:

"नमस्कार सर. आज बोलणं झालं त्याप्रमाणे नोंद करून ठेवते, काही राहिलं असल्यास सांगा. १ तारखेपासून रुजू. सोम, बुध, शुक्र १० ते ६; मंगळ, गुरू २ ते ८; कोर्ट चालू असलेल्या शनिवारी २ पर्यंत. महिना १०,००० रुपये, ७ तारखेपर्यंत खात्यावर. कोर्टकामाचा खर्च वेगळा, दर शनिवारी हिशोब. परीक्षेआधी ७ दिवस आणि पेपरचे दिवस सुट्टी. सनद मिळाली त्या महिन्यापासून १५,०००. सनद लांबली तर १ जानेवारीला पुन्हा बोलू."

शेवटची ओळ गाळू नका. विद्यापीठाचा निकाल कधी लागेल, कागदपत्रं कधी मिळतील, नोंदणी कधी होईल यातलं काहीच तुमच्या हातात नाही. वाढ नुसती सनदेला बांधली तर निकालाच्या प्रत्येक उशिराचे पैसे तुमच्या खिशातून जातात. 'सनद किंवा अमुक तारीख, जे आधी होईल ते' असं पदरात पडलं तर उत्तमच, नाहीतर निदान पुन्हा बोलण्याची तारीख तरी हवी. पैसे खात्यावरच घ्या. रोखीने घेतलेल्या पैशांचा उद्या पुरावा नसतो, अनुभवाचा दाखला मागतानाही अडतं.

सनदेचा खर्चही बोलण्यात आणता येतो. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५०, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. अखिल भारतीय बार परीक्षेचा, म्हणजे एआयबीईचा, अर्ज त्याहून महाग, सर्वसाधारण गटाला ३,५०० रुपये. "परीक्षेची फी ऑफिसने भरावी आणि आधीचे दोन दिवस सुट्टी" ही मागणी छोटी आणि एकदाचीच आहे, आणि तुम्ही टिकणार आहात हा विश्वासही त्यातून समोरच्याला मिळतो. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही आता एआयबीईला बसता येतं, तेव्हा सनदेनंतर बघू म्हणून थांबू नका.

आता महाप्याचं ३ लाखांचं पॅकेज. ३ लाख भागिले १२ म्हणजे २५,००० हातात, असं धरून घरी पेढे वाटू नका. सीटीसीमध्ये कंपनीचा तुमच्यावर होणारा सगळा खर्च मोजलेला असतो. समजा फोड अशी आहे: मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना १२,५००. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ वर्षाला १८,०००. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ७,२१५. मेडिक्लेमचा हप्ता ६,०००. 'व्हेरिएबल' २४,०००, जे वर्षाअखेरीस मिळालं तर मिळालं. तीन लाखांतून हे वजा केलं की उरतात २,४४,७८५, महिन्याला साधारण २०,४००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० जातो. हातात जेमतेम १८,९००. पुरुष उमेदवाराला व्यवसाय कराचे आणखी २०० जातील, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे तुमच्या स्लिपवर तो कापलेला दिसला तर लगेच पत्र टाका. या पगारावर आयकर शून्य.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न आकड्याचा नाही, कागदाचा: "मॅडम, पगाराची महिनावार फोड पाठवाल का?" ती आल्याशिवाय हो किंवा नाही काहीच बोलू नका. आली की व्हेरिएबलकडे बघा. फ्रेशरसाठी एचआरच्या हातात पगाराची चौकट ठरलेली असते आणि ती मोडायला त्यांना वरची मंजुरी लागते. पण चौकटीच्या आतली फिरवाफिरव त्यांना जमते. "एकूण ३ लाखच ठेवा, पण व्हेरिएबलचे २४,००० पक्क्या पगारात घ्या" ही मागणी मान्य व्हायची शक्यता "३ लाख ६० हजार करा" पेक्षा खूप जास्त, आणि त्यातून महिन्याला दोन हजारांच्या आसपास हातात वाढतात. त्याच बैठकीत प्रोबेशन सहाऐवजी तीन महिन्यांचं करता येईल का, पक्कं झाल्यावर पगार किती वाढतो, हुद्दा 'ट्रेनी' की 'एक्झिक्युटिव्ह', नोटीस पीरियड किती, आणि रुजू व्हायची तारीख शेवटच्या पेपरनंतरची मिळेल का, हे विचारा. तारीख सर्वांत महत्त्वाची. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या हजेरीवर आणि शिकत असताना केलेल्या नोकरीवर कडक परिपत्रक काढलं आहे, नोकरी असेल तर ती जाहीर करावी लागते आणि ना-हरकत लागतं. कॉलेजला न कळवता पूर्णवेळ नोकरी धरलीत तर ती गोष्ट पुढे सनदेच्या अर्जाच्या वेळी डोकं वर काढू शकते.

"एक्स्पेक्टेशन काय?" असं विचारलं तर एक आकडा देऊ नका, पट्टा द्या, आणि पट्ट्याचं खालचं टोक तुम्हाला खरोखर चालणारं ठेवा, कारण समोरचा तेच पकडतो. "हातात २१ ते २३" असं सांगा. 'हातात' हा शब्द वापरला की सीटीसीची धूळफेक आपोआप थांबते. दुसरी ऑफर खरी असेल तर ती आहे एवढं सांगा, आकडा फुगवू नका. ठाणे-बेलापूरचं वकिलांचं जग लहान आहे. कंपनीच्या लीगल हेडची मॅटर तुमच्या त्या दुसऱ्या ऑफिसातच असायची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त असते.

तिसरा प्रकार तुम्ही विचारला नाहीत, पण सनदेनंतर समोर येईल: लॉ फर्मचं 'रिटेनरशिप'. इथे पगार नसतो, व्यावसायिक फी असते. महिना २०,००० ठरले तर १० टक्के टीडीएस कापून १८,००० येतात, पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. कापलेले वर्षाचे २४,००० रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण ते पुढच्या वर्षी. रिटर्न न भरणारे अनेक नवे वकील हे पैसे तसेच सोडून देतात.

आता ठाणे की महापे. हा प्रश्न १०,९०० रुपयांच्या फरकाचा वाटतो, पण त्याखाली एक मोठा फरक दडलाय. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. कंपनीत गेलात तर सनद घेता येणार नाही, घेतलेली असेल तर स्थगित ठेवावी लागेल. आणि २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत 'जेएमएफसी'च्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे एआयबीई पास होण्याआधी मिळणाऱ्या नोंदणीच्या, दिवसापासून मोजली जातात. कंपनीतली वर्षं त्यात धरली जात नाहीत. न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर महाप्याचं प्रत्येक वर्ष तुम्हाला एक वर्ष मागे नेतं, आणि ते महिन्याला दहा हजार जास्त घेऊनही महाग पडू शकतं. ते डोक्यात नसेल, घरात हप्ते चालू असतील, करार-मसुद्यांचं काम आवडत असेल, तर कंपनी निवडण्यात कमीपणा काहीच नाही. कोर्टात न जाणारा वकील म्हणजे अर्धा वकील, ही समजूत कँटीनमध्येच सोडलेली बरी.

कुठेही गेलात तरी आकडा वर नेणारी गोष्ट एकच: रुजू झाल्याच्या दिवशी शिकवावं न लागता करता येणारं काम. 'मेहनती आहे' हे सगळेच सांगतात. ठाण्या-नवी मुंबईत खरी मागणी कशाला आहे ते पाहा. सोसायट्यांचा पुनर्विकास आणि डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेणं), त्यासाठी लागणारा तीस वर्षांचा सर्च आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) वाचता येणं. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनी, म्हणजे हस्तांतराला सिडकोची परवानगी कुठे लागते हे माहीत असणं. चेक बाउन्सची, म्हणजे कलम १३८ ची नोटीस: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून १५ दिवसांची मुदत, ती संपल्यावर एका महिन्यात तक्रार, ही गणितं न चुकता करणं. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे भाषांतर. ठाण्यातले सातबारा, फेरफार, पोलीस जबाब, साक्षी मराठीत असतात आणि अपिलात हायकोर्टात त्यांचं इंग्रजी लागतं. दोन्ही भाषा नीट येणारी आणि युनिकोड मराठी झपाट्याने टाइप करणारी विद्यार्थिनी मिळणं सोपं नाही. हे काम येत असेल तर ते महिन्याच्या पैशांत गुंडाळू देऊ नका, पानामागे दर वेगळा मागा. बाहेरच्या भाषांतरकाराला ऑफिस पानामागेच पैसे मोजत असतं, त्यामुळे ही मागणी कोणाला विचित्र वाटत नाही.

पुरावा म्हणून दोन-तीन नमुने न्या: एक नोटीस, एक सर्च रिपोर्ट, एका जबाबाचं भाषांतर. आधीच्या इंटर्नशिपमधले खरे कागद असतील तर नावं, सर्व्हे नंबर, केस नंबर सगळं काढून नव्याने टाइप करा. काळ्या पेनाने खोडलेली झेरॉक्स नेऊ नका, उजेडात धरली की खालचं दिसतं. दुसऱ्याच्या पक्षकाराची कागदपत्रं घेऊन फिरणाऱ्याला कोणताही शहाणा वकील आपल्या कपाटाची चावी देत नाही.

सही करण्याआधी बाँड बघा. "दोन वर्षांत सोडल्यास अमुक लाख" अशी ओळ असली तर ती कोर्टात टिकत नाही असं कोणी सांगेल, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध धरली. तिथे सरकारी बँकेच्या भरती प्रक्रियेच्या खर्चाचा विचार झाला होता. ज्या ऑफिसने तुमच्यावर प्रशिक्षणाचा खर्चच केला नाही त्याला तोच युक्तिवाद सहज लागू होत नाही, पण भांडायला तुम्हालाच उभं राहावं लागेल. रक्कम कमी करून घ्या, मुदत एक वर्षावर आणा, आणि "जेवढे महिने काम केलं त्या प्रमाणात रक्कम कमी होईल" ही ओळ घालून घ्या. सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणं कठीण, तिच्यासाठी अडून बसू नका. मूळ गुणपत्रिका मात्र कोणालाही ठेवायला देऊ नका, "फक्त पडताळणीसाठी" म्हटलं तरी. पडताळणी समोर बसून होते.

पहिल्या महिन्याचे पैसे ७ तारखेला आले नाहीत तर ८ तारखेलाच साधा मेसेज टाका: "सर, या महिन्याचं राहिलंय का, की उद्या येईल?" पहिल्या महिन्यात पंधरा दिवस गप्प राहिलात तर ऑफिसच्या लेखी तुमची तारीख ७ नव्हे, २२ होऊन बसते.